मजीदभाईंचं तळं

मजीदभाईंच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे एक हूक आहे. त्याला लाँड्रीच्या प्लास्टिकसकट दोन शर्ट टांगलेले असतात. एक पोपटी, एक निळ्या चौकडीचा. हे शर्ट घालून त्यांना गाडी चालवताना मी कधीच पाहिलं नाही. चालवताना अंगात कंपनीचा करडा युनिफॉर्म. आठवड्याचे सहा दिवस ते रुसैलच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करतात. वर्षातून दोन-तीन शुक्रवारी त्यांचे अर्बाब, म्हणजे बसचे ओमानी मालक, हीच बस आम्हा अल अमेरातच्या चार-पाच मराठी कुटुंबांना सहलीला देतात, मजीदभाईंसकट. त्या दिवशी ते शर्ट प्लास्टिकबाहेर येतात, तेही पाच मिनिटं. फोटोपुरते.

आमची ठरलेली जागा म्हणजे सोहारच्या आतल्या डोंगरातलं तळं. तीन तासांची वाट. जुम्म्याची नमाज तिथल्या छोट्या मशिदीत गाठायची म्हणून मजीदभाई उजाडताच बस दारात आणतात आणि आमच्यातला कुणी थर्मास विसरला म्हणून परत जिना चढला की "यल्ला, यल्ला" करत हॉर्नवर हात ठेवतात. समुद्र सोडून रस्ता आत वळला की डोंगर काळे होत जातात. गवत नाही, झाड नाही, नुसता काळा-हिरवट दगड, आणि एका वळणावर तर गोल गोल, एकावर एक रचल्यासारखा.

मी पुण्याला भूगर्भशास्त्रात बीएस्सी केलं. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग तांदळातले खडे वेचताना झाला तेवढाच. पण या वळणावर मी बसमधली प्राध्यापक होते. सगळ्यांना सांगते, की साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटला, लाव्हा थंड पाण्यात आला तसा उशांसारखा गोळ्यागोळ्यांनी गोठला, आणि पुढे तो तळच उचलला जाऊन जमिनीवर चढला.

"झालं," माझा नवरा आशुतोष म्हणतो, "आता खाऊचा डबा उघडेपर्यंत लाव्हा."

पहिल्या खेपेला मजीदभाईंनी मात्र बस बाजूला घेतली होती. खाली उतरले, दगडावर हात फिरवला. "भाभी, ही तर कुणी पोती रचून ठेवलीत नि न्यायला विसरलाय." मग जरा विचार करून म्हणाले, "दर्याच्या तळचा म्हणता ना? म्हणजे आमच्यासारखाच. दर्यातनं उठला नि अरबस्तानात येऊन बसला."

मजीदभाई दाभोळच्या खाडीकाठचे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली बावीस ते इथं आहेत. दोन वर्षांतून दोन महिने सुट्टी. बायको हवाबी गावी. तेव्हाच्या नियमात त्यांना कुटुंबाचा व्हिसा बसत नव्हता, आणि बसू लागला तेव्हा हवाबीची सासू अंथरुणाला खिळलेली. मग मुलीची, मुस्कानची, बारावी. मग तिचं बीए. हवाबी काही येऊ शकली नाही.

सात वर्षांपूर्वी आम्ही ते तळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मार्च होता, पाऊस होऊन आठवडा झाला होता. चढ संपला आणि खाली काळ्या डोंगरांच्या ओंजळीत, एका बांधाला अडलेलं हिरवं-निळं पाणी. बसमधली सगळी खिडक्यांकडे सरकली. आशुतोषने मोठ्या हौसेने हवेची होडी आणली होती, ती अर्धी फुगवून झाल्यावर पाटी दिसली, पाण्यात पोहायला मनाई. होडीत मग आम्ही कलिंगडं ठेवली. पुरुषमंडळी आणि मुलं दोरी घेऊन वरच्या घळीत चढायला गेली, आम्ही बायका काठावर पाय भिजवत बसलो. आणि मजीदभाई हातात काठी घेऊन सगळ्यांच्या बुटांशी. कारण इथल्या बकऱ्या. त्यांना सँडविच, पुठ्ठा, टोपी, सगळं सारखंच. माझी लेक यशश्री तेव्हा सात वर्षांची. रडत आली, "मजीद अंकल, त्या गोटने माझा पूर्ण टिफिन घेतली!"

"तू तिला गोट म्हटलंस म्हणून रागावली," मजीदभाई म्हणाले. "शेळी म्हण, परत देईल."

"तुम्हीही पाय बुडवा की," मी म्हटलं.

"नको भाभी. बूट कोण राखील?"

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, बूट मी राखते. तेव्हा खरं बोलले. "हवाबी आली की बुडवू. मी एकटाच पाय भिजवतोय, बरं दिसत नाय."

पण फोटो मात्र पहिल्याच दिवशी काढून घेतला. बसमागे जाऊन पोपटी शर्ट चढवला, आरशात भांग पाडला, पाण्याकडे पाठ करून एका सपाट दगडावर उभे राहिले. तिथल्या तिथे हवाबीला पाठवला. जवाब आला तो परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या बसला ऐकवला. हवाबीचा आवाज बारीक पण ठणठणीत.

"ऱ्हावा तिकडंच तल्याकाठी बसून! हिकडं नलाला चार दिवसांशी पानी येतंय. मजा हाय तुमची!"

मजीदभाई वाटेतल्या बरका गावापर्यंत हसत होते.

पुढच्या डिसेंबरात आम्ही गेलो तर तळं नव्हतं.

म्हणजे खड्डा होता. चिखल वाळून त्याच्या खपल्या निघालेल्या, आणि काळ्या दगडांवर पाण्याच्या जुन्या पातळीची पांढरी रेघ. आम्ही पुण्या-मुंबईची नि कोकणातली माणसं. बांध घातला म्हणजे पाणी साठवायला, हेच डोक्यात. खजुराच्या बागेतल्या एका म्हाताऱ्या ओमानी शेतकऱ्याने मजीदभाईंना अरबीत समजावलं आणि ते आम्हाला सांगायला आले तेव्हा चेहरा उतरलेला. बांध पाणी अडवायला होता, पण ठेवायला नाही. पुराचं पाणी वाहून समुद्राला मिळू नये, इथेच थांबून जमिनीत मुरावं, खालच्या बागांच्या विहिरींना लागावं, यासाठी. दीड-दोन महिन्यांत सगळं खाली. मग पुढचा पाऊस होईल तेव्हा. कधी कधी वर्षभर नाही.

"म्हणजे तळं गेलं?" त्यांनी मलाच विचारलं.

"गेलं नाही, खाली गेलं."

"ते झालं. पण मी हवाबीला सांगून बसलोय. ती दर जुम्म्याला विचारते, आज तळ्यावर गेलेलात का?"

आणि ते तरी काय सांगणार? त्यांचे बाकीचे शुक्रवार कंपनीच्या खोलीत कपडे धुण्यात जायचे. मी एकदा विचारलं होतं, खोलीचा फोटो नाही पाठवत कधी? म्हणाले, "खोलीत काय हाय? आठ बिछाने नि एक पंखा. तो बघून तिला झोप लागेल का?"

म्हणून पुढच्या पावसानंतर हुकाला दुसरा शर्ट आला. "भाभी, आज दहा-बारा काढा. वर्षभर पुरवायचेत." मी काढले. पोपटी शर्टात डावीकडून, चौकडीच्या शर्टात उजवीकडून, गॉगल लावून, गॉगल काढून, एकदा कलिंगड हातात घेऊन. खोटेपणाला हातभार लावला म्हणायचं तर लावला, आणि मन लावून लावला. ऊन कुठून येतंय हे बघून त्यांना दगडावर पाच वेळा फिरवलं. ते फोटो ते पुरवून पुरवून पाठवत. पाऊस झाला, तळं भरलं की नवा साठा.

गेल्या मे महिन्यात मुस्कानचं लग्न झालं. हवाबीच्या सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. गावी हवाबी एकटी, आणि भेटीचा व्हिसा आता मिळत होता, एक महिन्याचा. एका संध्याकाळी मजीदभाई आमच्या दारात उभे राहिले, आत येईनात. "भाभी, एक विचारायचं होतं," एवढं बोलून चपलांकडे बघत राहिले. त्यांच्या आठ बिछान्यांच्या खोलीत ते हवाबीला कुठे ठेवणार होते! मी म्हटलं, यशूची खोली आहे, ती आमच्यात झोपेल, तुम्ही गुरुवारी संध्याकाळी येत जा. तेव्हा कुठे आत येऊन पाणी प्यायले.

नोव्हेंबरात हवाबी आली. बारकीशी, दोरीला अडकवलेला चष्मा गळ्यात. खोक्यांतून सोलं, सोडे, तांदळाचं पीठ. खोकी सोडायच्या आत पहिला प्रश्न, "तलं कुठंशी हाय? जवलच ना?"

"जवल म्हंजे... हाय जरा लांब," मजीदभाई म्हणाले आणि दोरीची गाठ सोडण्यात गढून गेले. बायको समोर आली तसा त्यांचा माझ्याशी बोलतानाचा ळ परत खाडीवर गेला होता.

पाऊस नव्हता. मार्चनंतर थेंब नव्हता. पहिल्या शुक्रवारी बस दुरुस्तीला होती. दुसऱ्या शुक्रवारी अर्बाबना हवी होती. त्या दिवशी त्यांनी हवाबीला टॅक्सीने मत्रहच्या बाजारात नेलं, समुद्र दाखवला. परत आल्यावर ती मला म्हणाली, "दर्या दाखवतात मना! दाभोलला काय दर्या नाय?" तिसऱ्या शुक्रवारी रस्त्याचं काम निघालं. ते सांगताना मजीदभाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

हवाबी आत दुपारची नमाज पढत होती तेव्हा ते स्वयंपाकघरात आले. "भाभी, मोबाइलमध्ये बघा ना, पाऊस कधी."

मी बघितलं. दहा दिवस नुसते सूर्य.

"इन्शाल्ला होईल," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग ओट्याला टेकून हळू बोलले. "बावीस वर्षांत एकदा आली ती. आता परत कधी? नि कोरडा खड्डा बघून जाणार. म्हणेल, हा माणूस सात वर्षं मला खोटं दाखवत ऱ्हायला. फोटोवर तिचा भरोसा, भाभी. मी तिकडं नसायचो ना, फोटोच असायचा."

फोटो मीच काढले होते. त्याच संध्याकाळी हवाबी माझ्या ओट्यावर भाकरी थापत होती. थापता थापता, पिठावरची नजर न उचलता म्हणाली, "त्यांचे फोटू तुमी काढता ना? बरे काढता." मी उगाचच तवा पुसला.

चौथा शुक्रवार आला. रविवारी तिचं विमान. त्या दिवशी मजीदभाईंनी नवी सबब सांगायच्या आधीच हवाबी नवा हिरवा सलवार-कमीज घालून, डोक्यावर ओढणी घेऊन खाली रस्त्यावर उभी. "आज तल्यावर. बस नसंल तर मी चालत जाते. वाट इचारत जाईन."

मजीदभाईंनी अर्बाबना फोन केला. आम्ही तिघं नि ते दोघं, एवढेच निघालो.

तीन तासांत मजीदभाई दहा वाक्यं बोलले नसतील. हवाबी त्यांच्या मागच्या सीटवर, हुकाला टांगलेले शर्ट तिच्या खांद्याला घासत होते. ती ते प्लास्टिक बोटांनी चाचपत होती. त्या वळणावर मी यंदा प्राध्यापकी केली नाही, पण तीच म्हणाली, "हीच ना ती पोती? कुणी न्यायला विसरलाय ती?" सगळं माहीत होतं तिला. प्रत्येक वळण फोनवरून ऐकलेलं.

चढ संपला. बस थांबली. मजीदभाईंनी इंजिन बंद केलं पण दार उघडेनात.

खाली तेच. खपल्या निघालेला चिखल, मधे वाळकी काटक्यांची झुडपं, दगडांवरची पांढरी रेघ. यशू म्हणाली, "ओह." आशुतोषने तिला पाण्याच्या बाटल्या काढायला लावलं. सगळे उतरलो. मजीदभाई दाराला धरून उभे राहिले.

"हवाबी," ते म्हणाले. "तलं असतं. खरंच असतं. पाऊस पडला की दोन म्हयने. बाकी मग... हे असं. फोटू सगले एकाच दिवशी काढायचो. भाभींकडनं. तुला वाटायचं मी दर..."

"म्हाईत हाय मना."

"काय म्हाईत हाय?"

"तलं बारमाही नाय ते."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खड्ड्याकडे नीट बघून घेतलं, जणू सामान बरोबर आलंय का ते तपासतेय. "अवंदा मार्चमधी पोपटी शर्टाचा फोटू आला. त्यात मागं बकरीचं पिल्लू. कानावर पांढरा ठिपका. मग बकरी ईदला चौकडीच्या शर्टाचा आला. त्यात पन तेच पिल्लू, तेवढंच. मग गनपतीच्या सुमाराला कलिंगडवाला. पिल्लू तेवढंच! मी काय आज शेल्या पालतेय? सहा म्हयन्यात पिल्लू केवढं होतं, म्हाईत नाय मना?"

मी ऊन बघितलं होतं, शर्टाची घडी बघितली होती. पिल्लाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मजीदभाईंचा दारावरचा हात सुटला. "मग बोलली का नायस?"

"बोलली असती तर तुमी फोटू पाठवायचं बंद केलं असतं."

लांब कुठेतरी बकरी ओरडली आणि यशूने डबा छातीशी धरला.

"मना कशाला हवं तलं?" हवाबी म्हणाली, जरा चिडूनच. "बारीक झालाव का, दाढी नीट हाय का, डोल्याखाली काला पडलाय का, तेवढं बघायचं होतं. मानूस हसतोय ना, तेवढं. तुमी हसायचाव तल्यापुढं. मग म्हनलं, असू दे तलं."

ती मग माझ्याकडे वळली. "भाभी, मग पानी जातं कुठं?"

"खाली. मुरलंय. खालच्या बागांच्या विहिरींना लागतं ते."

"मग पानी हाय की. वर नाय एवढंच." तिने चपला काढल्या, त्या सपाट दगडावर जोडीने ठेवल्या आणि काठाची ढेकळं उतरून अनवाणी खड्ड्यात शिरली. चार पावलांवर थांबून मागे वळली. "या आता. आले ना मी? बूट काढा."

"बकऱ्या..." मजीदभाई म्हणाले.

"काठी द्या इकडे," मी म्हटलं.

ते दगडावर बसून बूट काढू लागले. नाड्या सुटेनात. मोजे निघाले तेव्हा आत पावलं इतकी पांढरी, इतकी मऊ दिसली की मी नजर दुसरीकडे वळवली. पहिली दोन पावलं त्यांनी तापल्या तव्यावर टाकावीत तशी टाकली. मग हवाबीच्या मागोमाग गेले. आपोआपच त्यांनी आधी बसकडे, शर्टांकडे हात केला होता, पण ती लांबूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हाच बरा. हा मी कधी बघितला नाय."

दोघं जाऊन अगदी मधे बसली, एका पांढुरक्या खडकाजवळ. पाय पसरून, पाण्यात सोडल्यासारखे. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. एकदा हवाबी जोरात हसली तेवढं डोंगरावर आपटून परत आलं. मी काठीने दोन बकऱ्या हाकलल्या. मग मोबाइल घेतला. करडा युनिफॉर्म, हिरवी ओढणी, चार अनवाणी पावलं. मजीदभाई वर आल्यावर मी तो त्यांना पाठवला. त्यांनी बघितला, आणि सवयीने हवाबीचं नाव काढून बोट तिथेच थांबलं. ती तर शेजारी उभी राहून पायाची माती झटकत होती.

"आता कुणाला पाठवू?" ते म्हणाले.

"ठेवा तुमच्याकडं," हवाबी म्हणाली. "परवापासून लागंल."

रविवारी ती गेली. यशूच्या खोलीत सोलांचा वास आठवडाभर राहिला.

फेब्रुवारीत पाऊस झाला. दोन दिवस सोहारकडचे रस्ते बंद, वाद्या, म्हणजे एरवीचे कोरडे ओढे, दुथडी भरून. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मजीदभाईंचा फोन, "भाभी, भरलं असेल." शुक्रवारी आमची सगळी मंडळी निघाली, आशुतोषची होडीही निघाली, सवयीने. हुकाला या खेपेला एकही शर्ट नव्हता.

तळं काठोकाठ होतं. काळे डोंगर त्यात उलटे उभे. पांढरी रेघ पाण्याखाली गेलेली. मुलं दोरी घेऊन घळीकडे पळाली. मजीदभाई काठावर येऊन इकडे बघत, तिकडे बघत राहिले.

"भाभी, ती कुठं बसलेली?"

मी सपाट दगड शोधला, समोरच्या काठावरचं बाभळीसारखं झाड शोधलं, मधली रेषा धरून बोट दाखवलं. "तिथे. त्या लाटा फुटतायत ना, त्याच्या अलीकडे. तो पांढुरका खडक आता खाली असेल."

त्यांनी बूट काढले. मोजे आत कोंबले. पँट न दुमडताच पाण्यात उतरले. घोटे, पोटऱ्या, गुडघे.

"मजीदभाई, पाटी!" मी ओरडले.

"पोहत नाय भाभी. जागा बघतोय."

गुडघ्याच्या वर पाणी आलं तिथे थांबले. जागा अजून बरीच पुढे होती. तिच्याकडे तोंड करून उभे राहिले, माझ्याकडे पाठ. मी तसाच फोटो काढला. कुणी मागे बघा म्हटलं नाही, ऊनही बघितलं नाही.

तो त्यांनी भिजल्या हातानेच पाठवला. जवाब लगेच आला नाही. आम्ही जेवलो, आवरलं, निघालो. काळ्या उशांच्या वळणावर फोन वाजला तशी त्यांनी बस बाजूला घेतली. दरवेळी ते सगळ्यांना ऐकवायचे. या वेळी फोन कानाला लावला. मी मागेच होते म्हणून ऐकू आलं.

"बघितला. पाठमोरे कशाला उभे ऱ्हायलाव? तोंड दिसत नाय." मग मागे बादली ठेवल्याचा आवाज. "थंड असंल ना पानी? पानी खाली जायच्या आदी अजून एकदा जावा. नि बूट कुनाजवल दिलेलाव?"

त्यांनी ते परत लावलं. दोनदा. बसमध्ये कोणी घाई केली नाही, हॉर्नवर हात ठेवणारा माणूस आज स्वतःच थांबला होता. मग त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

"तुज्या दगडावर," ते म्हणाले. "तू चपला ठेवलेल्यास ना, तिथं."